कागदावर हजारो रणगाडे आणि लाखो सैनिक असूनही सैन्याला तुटवडा का पडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: युद्ध सुरू होताना एखाद्या देशाकडे हजारो रणगाडे, लाखोंचं सैन्य आणि त्याहून मोठं राखीव दल असल्याचं आपण वाचतो. वर्षभरात त्याच देशात तोफगोळ्यांची टंचाई होते, पन्नास वर्षांपूर्वीचे रणगाडे बाहेर निघतात, भरतीचं वय बदलतं. मग आधीचे आकडे खोटे होते का? आणि सैन्य खरोखर थकलंय हे बाहेरच्या माणसानं कसं ओळखायचं?

आकडे बहुतेक वेळा खरेच असतात, पण ते साठ्याचे असतात. लढाई चालते दरावर: रोज किती खर्चलं, किती दुरुस्त होऊन परत आलं, किती नवं बनलं. शिवाय तुम्ही सामग्री आणि भरती हे दोन वेगळे प्रश्न मांडलेत. रसदीचा हिशेब ठेवणारा माणूस दोन्ही एकाच वहीत मांडतो. रणगाड्याचं इंजिन उतरवणारा मेकॅनिक, रंगरूटाला शिकवणारा हवालदार, कारखान्यात गोळा ओतणारा कामगार आणि खंदकातला शिपाई हे सगळे त्याच वयोगटातून येतात. एकीकडे घेतला की दुसरीकडे कमी.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, ती म्हणजे युद्ध किती चालणार. १९७३ चं अरब-इस्रायल युद्ध तीन आठवड्यांत आटोपलं. तेवढ्यात कारखाना काहीच करू शकत नाही. हाताशी असलेला साठा आणि मित्रराष्ट्रानं विमानानं पोचवलेला माल एवढ्यावरच भागवावं लागतं. त्या वेळी अमेरिकेनं इस्रायलला विमानांनी सुमारे २२,००० टन सामग्री पोचवली. पुढचं सगळं सहा महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या युद्धाला लागू आहे.

आधी रणगाडे. ‘साठ्यात ५,००० आहेत’ असं कळलं की पहिला प्रश्न विचारायचा तो छपराचा. शेडमध्ये, वंगण घालून, झडपा बंद करून, आतली हवा कोरडी ठेवून उभा केलेला रणगाडा काही आठवड्यांत चालता होतो. उघड्यावर वीस-तीस हिवाळे काढलेला तसा होत नाही. त्याचं पोलाद शाबूत असतं, म्हणून उपग्रहाच्या चित्रात तो ठणठणीत दिसतो. गेलेलं असतं ते आतलं सगळं. रबरी सील आणि पाइप वाळून तडकतात, इंधनाच्या टाकीत पाणी आणि गंज साचतो, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात, नेमयंत्राच्या काचांमध्ये बाष्प आणि बुरशी शिरते, तोफेचा धक्का झेलणाऱ्या रिकॉइल यंत्रणेतलं तेल गळून जातं. रेडिओ किंवा नेमयंत्र कुणीतरी कधीच काढून विकलेलं असतं, हेही जगभरच्या डेपोंमध्ये घडतं.

असा रणगाडा ओव्हरहॉलला घेतला की बुरुज उचलून वेगळा करतात, इंजिन आणि गिअरबॉक्स काढून चाचणीच्या बाकावर चढवतात, वायरिंग संपूर्ण नवं टाकतात, नळीच्या आत कॅमेरा घालून झीज बघतात आणि शेवटी नवं नेमयंत्र बसवतात. काम अडतं ते बहुधा इंजिनावर किंवा नेमयंत्रावर. चिलखती सांगाड्यावर ते क्वचितच अडतं. म्हणून ‘सांगाडे भरपूर आहेत’ या वाक्याला फारसा अर्थ नाही.

मग तीन गाड्यांचे भाग जोडून दोन चालत्या करायच्या, हा मार्ग उरतो. डेपोत तो ठीक आहे, पण शिस्त लागते. एकच गाडी ‘दाता’ म्हणून लेखी ठरवायची आणि ती पूर्ण उकलून टाकायची. आघाडीवरच्या तुकडीत मात्र घाईत यातला पंप, त्यातला स्टार्टर असं काढत गेलं की महिन्याभरात चार गाड्या एकेका भागासाठी उभ्या राहतात आणि कागदावर चारही ‘किरकोळ दुरुस्ती’त दिसतात. प्रत्येक भाग दोनदा काढायचा आणि एकदा बसवायचा, म्हणजे मेकॅनिकचे तासही जातात.

यातला महत्त्वाचा परिणाम बातम्यांत सुटतो. डेपोवाले साहजिकच सोप्या गाड्या आधी काढतात. पहिल्या वर्षी महिन्याला १०० निघाल्या आणि डेपोत अजून १,२०० दिसतायत, म्हणजे आणखी बारा महिन्यांची बेगमी आहे, हा हिशेब चुकतो. उरलेल्या १,२०० पैकी बऱ्याच आधीच उकललेल्या असतात आणि बाकीच्यांना दुप्पट-तिप्पट काम लागतं. डेपो भरलेला दिसत असतानाच पुरवठा आटतो. रशियानं २०२२ च्या उन्हाळ्यात जुने टी-६२ रणगाडे आणि २०२३ मध्ये त्याहून जुने टी-५४/५५ बाहेर काढले, ते याच उतरणीवर. अर्थात जुना रणगाडा दिसला की लगेच हसू नये. त्याला मागे उभं करून तोफेसारखा वापरला तर तो अजूनही गोळा टाकतोच.

नुकसानीचे आकडेही नीट वाचायला हवेत. सुरुंगानं पट्टा तुटलेला रणगाडा ‘गमावला’ की ‘बिघडला’ हे रात्री ती जमीन कुणाच्या ताब्यात राहते त्यावर ठरतं. १९७३ मध्ये गोलानच्या पठारावर इस्रायली दुरुस्ती पथकं बिघडलेले रणगाडे मागे ओढून आणत, रातोरात उभे करत आणि सकाळी परत पाठवत. माघार घेणाऱ्या सैन्याच्या त्याच किरकोळ बिघाडाच्या गाड्या कायमच्या जातात. त्यामुळे पुढे सरकणारा आणि मागे हटणारा यांचं मारलेल्या गाड्यांचं प्रमाण सारखं असलं, तरी महिन्याअखेरीस उरलेल्या गाड्या सारख्या नसतात.

प्रकारांची खिचडी हा वेगळाच त्रास. १९४१ मध्ये सोव्हिएत संघावर चालून गेलेल्या जर्मन सैन्याकडे जिंकलेल्या देशांतून गोळा केलेली मिळून सुमारे २,००० प्रकारची वाहनं होती आणि सहा लाखांच्या घरात घोडे होते. एवढ्या प्रकारांचे सुटे भाग कुठलंही कोठार ठेवू शकत नाही. युक्रेनला मदतीत मिळालेल्या १५५ मिलिमीटरच्या तोफांचंही तसंच: एम७७७, सीझर, पीझेडएच २०००, क्राब. नळीचं माप एकच, पण सुटे भाग, अवजारं, तोफमाऱ्याची कोष्टकं आणि कुठला चार्ज (गोळा फेकणारी दारू) कुठल्या तोफेत चालतो हे वेगवेगळं. दान आलेल्या तोफा मोजताना त्यांचे प्रकार किती हे आधी मोजावं.

आता दारूगोळा. इथे एकदा गणित करून बघा, कारण तुटवडा नेमका कुठे दडलेला असतो ते त्यातून दिसतं. समजा १८ तोफांची एक रेजिमेंट दर तोफेमागे रोज १०० गोळे टाकते. १५५ मिलिमीटरचा गोळा ४३ ते ४७ किलोचा असतो. त्यात चार्ज, फ्यूज (गोळ्याचा स्फोट घडवणारा भाग) आणि खोके धरून सरासरी ६० किलो मानू. रोजचे १,८०० गोळे, म्हणजे १०८ टन. दहा टनी ट्रक असतील तर ११ खेपा. येऊन-जाऊन दोन दिवस लागत असतील तर २२ ट्रक. पाचवा हिस्सा नेहमी दुरुस्तीत असतो असं धरलं तर २८. रात्रंदिवस चालवायचे म्हणून दर ट्रकला दोन चालक, म्हणजे ५६ माणसं. हे सगळं फक्त एका रेजिमेंटच्या गोळ्यांसाठी. अन्न, पाणी, डिझेल अजून मोजलेलं नाही.

त्यात नळी झिजते. या मापाच्या नळीचं आयुष्य पूर्ण चार्जच्या हिशेबात साधारण दीड ते अडीच हजार गोळ्यांचं असतं. २,००० धरा. रोज १०० गोळे पूर्ण चार्जवर टाकले तर वीस दिवसांत १८ नळ्या बदलायला येतात. कमी चार्जवर झीज कितीतरी कमी होते, म्हणून शहाणा तोफखाना शक्य तेव्हा जवळून आणि हलक्या चार्जवर मारा करतो. शत्रूच्या तोफा लांब पल्ल्याच्या असल्या की तो पर्यायही जातो. झिजलेली नळी एके दिवशी बंद पडत नाही. गोळ्याचा वेग कमी होतो, गोळे अलीकडे पडू लागतात, विखुरतात, आणि ज्या लक्ष्याला वीस गोळे पुरायचे त्याला साठ लागतात. नळ्यांचा तुटवडा असा गोळ्यांचा तुटवडा बनून समोर येतो.

‘मग कारखाने वाढवा’ हे उत्तर सगळेच देतात. गोळा बनतो असा: पोलादाचा ठोकळा तापवून दाबयंत्रात पोकळ करायचा, लेथवर कातायचा, तोंडाकडे निमुळता करायचा, उष्णता देऊन कणखर करायचा, तांब्याच्या मिश्रधातूची कडी बसवायची, मग त्यात वितळलेलं टीएनटी हे स्फोटक ओतायचं. टीएनटी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, त्यामुळे ओतणं सोपं. कठीण असतं ते थंड करणं. घाईत थंड केलं की आत पोकळी राहते, आणि अशी पोकळी असलेला गोळा तोफेच्या नळीतच फुटू शकतो. म्हणून क्ष-किरणानं तपासणी. चार्जसाठी नायट्रोसेल्युलोज लागतं आणि ते सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड लवेपासून बनतं, म्हणजे साखळी थेट कापसापर्यंत जाते. पोलादी कवचाची क्षमता वाढवणं तुलनेनं लवकर होतं; स्फोटक आणि चार्ज बनवणारी रासायनिक संयंत्रं उभी राहायला वर्षं लागतात. अमेरिकेत टीएनटीचं उत्पादन १९८० च्या दशकातच बंद झालेलं होतं. २०२२ च्या सुरुवातीला तिथे १५५ मिलिमीटरचे गोळे महिन्याला सुमारे १४,००० बनत. लक्ष्य एक लाखाचं ठेवलं गेलं आणि त्यासाठी वर्षं मोजावी लागली. युरोपीय संघानं मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लाख गोळे द्यायचं ठरवलं, त्या मुदतीत जेमतेम निम्मेच पोचले.

हे काही नवं नाही. १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये गोळ्यांच्या टंचाईवरून सरकार हादरलं, मंत्री लॉइड जॉर्ज यांच्याकडे नवं दारूगोळा मंत्रालय दिलं गेलं आणि वर्षभरात गोळ्यांचा पूर आला. फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईआधी, १९१६ च्या जूनअखेर, आठवडाभरात पंधरा लाखांहून अधिक गोळे टाकले. त्यातले पुष्कळ फुटलेच नाहीत, कारण नवशिक्या कारखान्यांतले फ्यूज सदोष होते. उत्पादन तिप्पट झाल्याची बातमी आली की निकामी गोळ्यांचं प्रमाण विचारावं.

साठ्याच्या सरासरीनंही फसू नका. भारताच्या कॅगनं २०१७ च्या अहवालात दारूगोळ्याचे १५२ प्रकार तपासले. त्यातले ६१ प्रकार घनघोर युद्धाचे दहा दिवसही पुरणारे नव्हते, तर ३१ प्रकार ४० दिवसांच्या निकषात बसत होते. एकूण टनांमध्ये साठा भरपूर दिसेल, पण फ्यूज नसला तर गोळा म्हणजे नुसतं लोखंड. मोजायचा तो सगळ्यात कमी असलेला भाग.

आता माणसं. दहा लाखांच्या सैन्यात खंदकात बसणारे थोडेच असतात. दुसऱ्या महायुद्धात परदेशी गेलेल्या अमेरिकन सैन्यात पायदळ साधारण पाचव्या हिश्श्याइतकं होतं, पण हानीतला त्याचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास होता. उदाहरण म्हणून ७०० जणांची एक बटालियन घ्या. तिच्या चार रायफल कंपन्यांत ११० प्रमाणे ४४० माणसं. रोज चार जण मेले किंवा जखमी झाले, तर बातमीत ती ‘किरकोळ हानी’. दोन महिन्यांत २४० होतात आणि त्यातले २०० रायफल कंपन्यांतले. कागदावर बटालियन अजून ६५ टक्के आहे, पण खंदकात ४४० पैकी २४० उरलेत. आजारी आणि रजेवरचे यात धरलेलेच नाहीत.

इथून खरी घसरण सुरू होते. बटालियनचा प्रमुख काय करतो? चालक, आचारी, मेकॅनिक, रेडिओवाले यांना रायफली देऊन पुढे पाठवतो. त्या आठवड्यापुरती फळी टिकते. पण वरच्या हिशेबातले ५६ चालक आठवतायत? ते कमी झाले की गोळे कमी पोचतात, गोळे कमी झाले की पायदळाची हानी वाढते, आणि आणखी चालक पुढे जातात. सामग्री आणि भरती एकाच वहीत मांडायची ती यासाठी.

भरती जाहीर झाली म्हणजे सैनिक मिळाले असं होत नाही. वैद्यकीय तपासणी, गणवेश, शस्त्र, प्रशिक्षण, मग तुकडीत मिसळणं. अमेरिकेत १९४३ पासून बदली पायदळ सैनिकाचं प्रशिक्षण १७ आठवड्यांचं होतं आणि निकड वाढल्यावर ते १५ वर आणलं. साधा रायफलधारी दहा-बारा आठवड्यांत तयार करता येतो. त्याहून खाली गेलं की पहिल्या महिन्यातली हानी वाढते आणि वाचवलेला वेळ तिथेच जातो. रणगाड्याचा गनर किंवा नेमयंत्र दुरुस्त करणारा यांना जास्त वेळ लागतो, आणि दहा जणांच्या सेक्शनचा अनुभवी नायक घडायला वर्षं जातात. लाख रंगरूट महिन्यात गोळा होतील, त्यांना पुढे नेणारे दहा हजार नायक होत नाहीत.

म्हणून प्रशिक्षण केंद्रातले शिक्षक आघाडीवर पाठवणं म्हणजे पेरणीचं बियाणं दळून खाणं. १९४२-४३ च्या हिवाळ्यात स्टालिनग्राडमध्ये अडकलेल्या सैन्याला रसद पोचवायला जर्मन हवाई दलानं वैमानिक शाळांतली विमानं आणि शिक्षक उपसले. त्यांतले बरेच परतले नाहीत, आणि वैमानिकांच्या पुढच्या तुकड्या कच्च्या राहिल्या.

उलट टोकाची चूक ब्रिटननं १९१४ मध्ये केली. एकट्या सप्टेंबरमध्ये चार लाखांहून जास्त स्वयंसेवक आले. खाकी कापड पुरेना म्हणून त्यांना निळे गणवेश दिले, रायफली नव्हत्या म्हणून लाकडी बंदुकांवर कवायत झाली. त्यात खाणकामगार आणि कुशल लेथवालेही भरती झाले, आणि गोळ्यांचा तुटवडा पडल्यावर त्यांतल्या काहींना सैन्यातून काढून परत कारखान्यात आणावं लागलं. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीची भरती आली. सक्ती म्हणजे जास्त माणसं ओढणं एवढंच लोकांना वाटतं. कुणाला कारखान्यातून हलवायचं नाही हे ठरवण्याचा अधिकारही सरकारला त्यातूनच मिळतो.

निकष सैल करण्याची किंमत असतेच. १९६६ पासून अमेरिकेनं व्हिएतनामच्या काळात चाचणीत कमी गुण पडलेल्या तीन लाखांहून अधिक तरुणांना सैन्यात घेतलं. त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त राहिलं. आलेली माणसं जुन्या तुकड्यांत भरायची की नव्या तुकड्या उभ्या करायच्या, हाही वाद जुनाच आहे. माझा कौल जुन्या तुकड्यांना. नव्या ब्रिगेडला स्वतःचे स्वयंपाकघर, कार्यशाळा, मुख्यालय लागतं आणि तिच्यात अनुभवी नायक नसतात. १९४४ मध्ये जर्मनीनं नव्या डिव्हिजन उभ्या केल्या आणि २०२४ मध्ये युक्रेननं नव्या ब्रिगेडी; दोन्ही वेळा टीका हीच झाली. पण जुन्या तुकडीत एकेक नवखा थेट खंदकात सोडला तर तोही टिकत नाही. तुकडी मागे आणून, निदान आठ-दहा दिवस एकत्र सराव देऊन मगच भरावी. त्यासाठी तिची जागा घेणारी दुसरी तुकडी हवी, आणि तीच नसते हा बहुतेक वेळचा पेच.

आता ओळखायचं कसं. भरतीची घोषणा ही स्वतःहून वाईट खूण मानू नका. रशियानं २१ सप्टेंबर २०२२ ला तीन लाखांची अंशतः लामबंदी (नागरिकांना सक्तीनं सैन्यात बोलावणं) जाहीर केली तेव्हा बोलावलेल्यांना धड साहित्य मिळत नसल्याच्या तक्रारी खूप झाल्या, पण विरळ झालेली फळी त्यानं भरून निघाली. युक्रेननं एप्रिल २०२४ मध्ये लामबंदीचं किमान वय २७ वरून २५ केलं. तोवर ते वर ठेवण्यामागे नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर जन्मलेली पिढीच संख्येनं लहान असल्याचं कारण होतं. वय बदललं म्हणून घाबरण्याआधी ते आधी कुठे होतं आणि का, हे बघा.

मी जास्त वजन देतो ते या गोष्टींना: प्रशिक्षणाचे आठवडे घटणं, दुसऱ्या शाखांतली माणसं पायदळात वळवणं, दर तोफेला रोजच्या गोळ्यांची मर्यादा घालणं, आणि लष्करी ट्रकच्या जागी खासगी मोटारी दिसू लागणं. ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रिटननं नॉर्मंडीत आपली ५९ वी डिव्हिजन मोडून तिची माणसं इतरांत वाटली. ते सैन्य जिंकत होतं, तरी माणसांची विहीर तळाला गेली होती. त्याउलट, जुना रणगाडा दिसणं ही उशिराची आणि ढोबळ खूण आहे. कार्यशाळेतले मेकॅनिक पायदळात पाठवल्याच्या तक्रारी आल्या, तर तारीख लिहून ठेवा. उभ्या राहिलेल्या गाड्यांचा आकडा त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी फुगतो.